अधिकृत चर्च असलेल्या देशात बिऱ्हाड करण्यापूर्वी

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या आणि पाटण भागातल्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि त्यांतल्याच एका ठिकाणी नोकरीला लागलेले आमचे जावई पुढे त्याच कामासाठी डेन्मार्कमधल्या ब्रान्डे या लहानशा गावी गेले. लेकीच्या बाळंतपणासाठी मी तिथे पाच महिने राहून आले. तेव्हापासून ज्यांची मुले युरोपात निघाली आहेत असे शेजारीपाजारी घरी येऊन एकच प्रश्न विचारतात: "काकू, तिथे म्हणे सरकारचाच धर्म ख्रिस्ती आहे, मग घरात देव मांडता येतात का?" देव मांडता येतात, हे उत्तर एका वाक्याचे आहे. परंतु अधिकृत चर्च असलेल्या देशात राहताना त्या चर्चशी आपला संबंध कुठे येतो, कुठे येत नाही आणि कोणता कागद नीट वाचावा लागतो, हे सांगायला थोडी अधिक जागा लागते. मी शाळेत तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवले असल्यामुळे सुरुवात अर्थातच राज्यघटनेपासून करते.

ज्या देशात जायचे आहे त्याच्या घटनेतले चर्चविषयीचे कलम शोधावे, पण ते एकटे वाचू नये. डेन्मार्कच्या घटनेचे चौथे कलम सांगते की इव्हँजेलिकल ल्यूथरन (म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाचे) चर्च हे डेन्मार्कचे लोकचर्च आहे आणि त्या नात्याने राज्य त्याला आधार देते. एवढेच वाचून घाबरलेली माणसे मी पाहिली आहेत. त्याच घटनेचे ६७ वे कलम नागरिकांना आपापल्या श्रद्धेप्रमाणे उपासनेसाठी एकत्र येण्याचा हक्क देते. ६८ वे कलम सांगते की जो ज्या पंथाचा नाही त्या पंथासाठी वैयक्तिक वर्गणी देण्याची सक्ती त्याच्यावर नाही, आणि ७० वे कलम सांगते की श्रद्धेमुळे कोणाचेही नागरी किंवा राजकीय हक्क जाणार नाहीत, तसेच श्रद्धेचे कारण पुढे करून कोणाला नागरिक म्हणून असलेली कर्तव्येही टाळता येणार नाहीत. ही सगळी रचना मूळची १८४९ सालची असून आजची घटना १९५३ ची आहे. सहावे कलम मात्र राजाने या चर्चचा सभासद असलेच पाहिजे असे बजावते. त्यामुळे धर्म बदलायचा तर गादी सोडावी लागेल असा त्या देशात राजाच काय तो एक. बाकी प्रजा मोकळी आहे.

ही व्यवस्था आपल्याला वाटते तितकी परकी नाही. माझे माहेर सांगलीचे. संस्थानच्या काळात गणपती हे पटवर्धनांचे आराध्यदैवत होते आणि त्याचा उत्सव हा संस्थानचाच उत्सव असे. तरी शेजारच्या मिरजेत, आणि तेही पटवर्धनांचेच संस्थान, मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरूस भरायचा आणि अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई तिथे सेवा म्हणून गायचे. दैवत राज्याचे असणे वेगळे आणि प्रजेवर त्याची सक्ती असणे वेगळे, हे आपल्या आजोबा-पणजोबांना पुस्तकाविना ठाऊक होते. मात्र देवस्थानाचा खर्च ज्या तिजोरीतून होई तिच्यात सगळ्याच रयतेचा सारा जमा होत असे, हेही विसरू नये. कारण अधिकृत चर्चच्या बाबतीत खरा गुंता होतो तो नेमका पैशाचा.

आपल्या घटनेचे २७ वे कलम सांगते की एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी ज्याचे उत्पन्न राखून ठेवले आहे असा कर भरण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही. डेन्मार्कमध्ये चर्चकर आहे; त्याला तिकडे ‘किर्केस्कॅट’ म्हणतात. तो फक्त सभासदांकडून घेतला जातो, त्याचा दर दर नगरपालिकेगणिक वेगळा असतो आणि साधारणपणे उत्पन्नाच्या अर्ध्या ते सव्वा टक्क्याच्या दरम्यान पडतो. आयकरासोबतच कापला जात असल्यामुळे तो हातातून गेलेला कळतही नाही. म्हणून तिथे पोहोचल्यावर पहिले काम हे करावे की रहिवासी म्हणून नोंदणी करताना जो अर्ज भरतात, त्यात चर्चच्या सभासदत्वाविषयी काय विचारले आहे ते दोनदा वाचावे, आणि वर्षाचे करपत्रक हाती आले की त्यात चर्चकराची ओळ आहे का ते पाहावे.

हे मी अनुभवाने सांगते. आमच्या जावयांना तो प्रश्न ‘तुमची श्रद्धा आहे का’ अशा अर्थाचा वाटला. रोज सकाळी अथर्वशीर्ष म्हणणारा माणूस. त्यांनी प्रामाणिकपणे ‘होय’वर खूण केली. पुढच्या करपत्रकात एक अनोळखी शब्द आणि त्यापुढे रक्कम दिसली, तेव्हा कार्यालयातल्या एका डॅनिश सहकाऱ्याने हसत हसत त्याचा अर्थ सांगितला. त्या चर्चचे सभासदत्व बाप्तिस्म्याने, म्हणजे पाण्याने होणाऱ्या ख्रिस्ती दीक्षाविधीने मिळते, खुणेने नव्हे. त्यामुळे गावच्या चर्च-कार्यालयाला पत्र लिहून, आपला बाप्तिस्मा कधीही झालेला नाही आणि नोंद चुकीची आहे, असे कळवावे लागले. दुरुस्ती झाली, पण पत्रव्यवहारात दोन महिने गेले. चूक जावयांचीच होती, हे त्यांच्या देखतच लिहिते आहे.

तरीही सभासद नसलेला माणूस चर्चला एक छदामही देत नाही असे समजू नये. डेन्मार्कमध्ये पाद्र्यांच्या पगाराचा ४० टक्के भाग आणि बिशपांचा संपूर्ण पगार सरकारच्या सामान्य तिजोरीतून जातो, आणि ती तिजोरी सर्वांच्या करातून भरते. ६८ वे कलम ‘वैयक्तिक वर्गणी’बद्दल बोलते, सामान्य कराबद्दल नाही, असा यावर तिकडचा युक्तिवाद आहे. मला तो पुरता पटत नाही. पण घटनेत वर्ज्य काय केले आहे आणि मोकळे काय ठेवले आहे, यातला फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण मला वर्गात कधी मिळाले नव्हते.

दुसऱ्या देशात निघालेल्यांनी हाच प्रश्न तिथल्या व्यवस्थेला विचारावा. फिनलंडमध्ये ल्यूथरन आणि ऑर्थोडॉक्स अशा दोन चर्चना विशेष दर्जा आहे आणि दोन्हींचे सभासद चर्चकर भरतात. नॉर्वेने २०१२ साली घटना बदलून आणि २०१७ पासून चर्चला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व देऊन राज्य व चर्च यांच्यात अंतर निर्माण केले. तिथे वेगळा चर्चकर नाही. मात्र चर्चला आधार देणाऱ्या कलमातच इतर सर्व श्रद्धासमाजांनाही समान पायावर आधार द्यावा असे लिहिले आहे, आणि त्यानुसार नोंदणीकृत समाजांना सभासदसंख्येच्या प्रमाणात अनुदान मिळते. याच नॉर्वेच्या १८१४ च्या घटनेने ज्यूंना देशात यायला बंदी केली होती आणि ती १८५१ पर्यंत टिकली. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघावरची बंदी तर १९५६ पर्यंत राहिली. स्वीडनने २००० साली चर्च वेगळे केले. त्याआधी, त्या देशात नोकरी करणारा पण तिथला कायमचा रहिवासी नसलेला डार्बी नावाचा डॉक्टर चर्चकराविरुद्ध युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला. रहिवाशांना मिळणारी सूट त्याला नाकारणे हा भेदभाव आहे, असा निर्णय १९९० साली झाला. त्या प्रकरणाच्या आधीच्या टप्प्यावर मानवी हक्क आयोगाने नोंदवलेले मत लक्षात ठेवण्याजोगे आहे: राज्याचे चर्च असणे एवढ्यानेच धर्मस्वातंत्र्याचा भंग होत नाही, परंतु त्यात शिरण्याची सक्ती नसावी आणि त्यातून बाहेर पडण्याची वाट असावी.

पैशानंतर नोंदणी. डेन्मार्कमध्ये जन्म आणि नाव यांची नोंद लोकचर्चचे स्थानिक कार्यालय करते, मग मूल कोणत्याही धर्माच्या घरात जन्मलेले असो. सतराव्या शतकाच्या मध्यापासून पाद्री जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या ठेवत आले आणि राज्याने तीच यंत्रणा पुढे वापरली. अपवाद फक्त दक्षिण युटलंडचा; तो भाग १८६४ ते १९२० या काळात जर्मन सत्तेखाली होता आणि तिथे हे काम अजूनही नगरपालिका करते. आपल्याकडे नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात जे होते ते तिथे चर्चच्या दारी होते, म्हणून मनात धाकधूक ठेवू नये. रुग्णालयात बाळंतपण झाले तर सुईण जन्माची सूचना परस्पर पाठवते. नाव सहा महिन्यांच्या आत द्यावे लागते, आणि त्याचा अर्ज संगणकावरून केला तरी तो पोहोचतो चर्चच्या कार्यालयातच. मंजूर नावांच्या याद्या असतात, त्यांत मुलांची आणि मुलींची नावे वेगवेगळी असतात. आपले नाव यादीत नसेल तर परवानगीसाठी अर्ज करावा लागतो. म्हणून बारसे झाले तरी आमंत्रितांना नाव सांगण्याआधी यादी पाहून घ्यावी.

आम्ही नातीचे नाव कृष्णा ठेवायचे ठरवले होते. माहुलीला वेण्णेला भेटणारी आणि पुढे सांगलीच्या घाटाखालून वाहणारी, तीच ही कृष्णा. शंका निघाली म्हणून लेक आणि मी प्रत्यक्ष त्या कार्यालयात गेलो. चर्चला लागून एक बसकी इमारत होती. आत एक टेबल, संगणक आणि खिडकीत लाल जिरेनियमची कुंडी. तिथल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, हे नाव मुलाचे की मुलीचे? लेकीने मोबाईलवर नकाशा काढून नदी दाखवली आणि आमच्याकडे नद्या बायका असतात असे सांगितले. बाईंनी ते कौतुकाने ऐकून घेतले आणि मग यादी पाहिली. मी लेकीकरवी विचारले की बाप्तिस्म्याविषयी आम्हाला काही लिहून द्यायचे आहे का. त्या म्हणाल्या, नाही. या टेबलावर मी सरकारचे काम करते, चर्चचे काम पलीकडच्या दारात चालते. ते दार तिथून चार पावलांवर होते.

शाळेविषयी. डेन्मार्कच्या सरकारी शाळांत ‘ख्रिस्ती धर्मज्ञान’ हा विषय असतो. तो प्रार्थनेचा तास नसून ज्ञानाचा विषय आहे, आणि त्यात इतर धर्मांची माहितीही येते. तरी आईवडिलांनी मुलाच्या धार्मिक शिक्षणाची जबाबदारी आपण घेत आहोत असे लेखी दिले तर मुलाला त्यातून सूट मिळते. मूल १५ वर्षांचे झाल्यावर त्याचीही संमती लागते. माझा सल्ला असा की सूट मागण्यापूर्वी एकदा पाठ्यपुस्तक पाहावे. ज्या देशात वाढायचे त्या देशातली चित्रे, म्हणी आणि सुट्ट्या कुठून आल्या हे मुलाला कळले तर काही बिघडत नाही, आणि वर्गातून एकट्यानेच उठून बाहेर बसणे लहान मुलाला जड जाते. मात्र निर्णय आईवडिलांचा.

इंग्लंडला जाणाऱ्यांसाठी ही बाब वेगळी आहे. तिथे चर्चकर नाही, जन्मनोंदणी चर्चकडे नाही, आणि घटना तर एका पुस्तकात लिहिलेलीच नाही. पण राजा हा चर्च ऑफ इंग्लंडचा सर्वोच्च प्रशासक असतो, २६ बिशप वरिष्ठ सभागृहात बसतात, आणि सरकारी शाळांत रोज सामूहिक उपासना व्हावी व ती मुख्यतः ख्रिस्ती स्वरूपाची असावी, असा कायदा आहे. त्यातूनही मुलाला काढून घेण्याचा पालकांना हक्क आहे. तो शाळेकडे लेखी मागावा. व्यवहार कायद्याच्या अक्षराहून किती पुढे गेला आहे हे ६ मे २०२३ रोजी दिसले, जेव्हा राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकात बायबलमधला उतारा ऋषी सुनक या हिंदू पंतप्रधानांनी वाचला. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्स मिळून स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्के निघाले, म्हणजे निम्म्याहूनही कमी. वेल्समध्ये तर १९२० पासून अधिकृत चर्चच नाही.

विवाह, सण आणि मंदिर यांबाबत एक व्यवहारी सूचना पुरे. डेन्मार्कमध्ये कायदेशीर विवाह नगरपालिकेत होतो, लोकचर्चमध्ये होतो किंवा मान्यताप्राप्त धर्मसमाजाच्या अधिकृत पुरोहिताकडून होतो. लोकचर्चबाहेरच्या धर्मसमाजांसाठी कायदा करण्याचे आश्वासन १८४९ पासून घटनेत होते आणि तो कायदा झाला २०१७ साली; सरकारी काम तिकडेही सावकाश चालते असे म्हणायला हरकत नाही. आपल्या मुलांनी विवाहाची नोंदणी साताऱ्यातच करून, प्रमाणपत्रावर अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) घेऊन जावे हे सर्वांत सोपे. मंदिरे आहेत. ब्रान्डेमध्येच अभिरामी अम्मनचे देऊळ आहे आणि जवळच्या हेर्निंगमध्ये विनायकाचे. दोन्ही श्रीलंकेतून निर्वासित होऊन आलेल्या तमिळ लोकांनी उभारली. अभिरामीच्या देवळात मी दर शुक्रवारी जात असे. भाषा कळत नव्हती, आरतीच्या वेळी टाळ्या बरोबर पडत होत्या. गणेशोत्सवासाठी सभागृह, मिरवणूक, विसर्जन यांची परवानगी नगरपालिका आणि पोलीस यांच्याकडे मागायची असते. चर्चला विचारण्याचे कारण नाही.

आता एक गैरसमज. अधिकृत चर्च असलेला देश म्हणजे इतर धर्मांवर बंधने, आणि ते नसलेला देश म्हणजे मोकळीक, असे गणित मांडून देश निवडणारे पालक मला भेटतात. डेन्मार्कमध्ये गेल्या काही वर्षांत अल्पसंख्याकांना जाचक वाटलेले नियम चर्चने केलेले नाहीत, ते संसदेने केले: २०१४ साली बेशुद्ध न करता जनावर मारण्यावर बंदी आली, २०१८ साली सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यावर बंदी आली. उलट ज्या फ्रान्समध्ये अधिकृत चर्च नाही आणि राज्य कटाक्षाने धर्मापासून दूर राहते, तिथे २००४ पासून सरकारी शाळांत ठळक धर्मचिन्हे घालता येत नाहीत. त्याची झळ शीख मुलांच्या पगडीलाही लागली. ग्रीसची तऱ्हा तिसरी. तिथे ऑर्थोडॉक्स चर्चला घटनेत ‘प्रबळ धर्म’ म्हटले आहे आणि धर्मांतराच्या प्रचाराला मनाई आहे. त्या कायद्याखाली शिक्षा झालेल्या कोक्किनाकिस या यहोवा साक्षीदार पंथाच्या गृहस्थांच्या बाजूने युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९३ साली निकाल दिला. तेव्हा देश पारखताना चर्चचे कलम पाहावे आणि त्यासोबत गेल्या दहा-पंधरा वर्षांतले कायदेही पाहावेत.

अधिकृत असण्याची किंमत चर्चलाही मोजावी लागते, हे तिकडे राहिल्याशिवाय लक्षात येत नाही. डेन्मार्कच्या लोकचर्चला ना स्वतःची धर्मसभा आहे, ना सर्वांच्या वर असा मुख्य धर्मगुरू. त्याचे कायदे संसद करते. ‘महाप्रार्थना दिन’ ही १६८६ पासून चालत आलेली धार्मिक सुट्टी संरक्षणखर्चासाठी पैसा उभा करायचा म्हणून संसदेने २०२३ साली कायदा करून रद्द केली. बिशप नाराज झाले, कामगार संघटनांनी मोर्चा काढला, पण २०२४ पासून तो कामाचा दिवस झाला. आपल्याकडे एखाद्या देवस्थानच्या यात्रेची स्थानिक सुट्टी काढून पाहावी!

आणि मराठी वाचकाने जाता जाता जाणून घ्यावी अशी एक जुनी हकीकत. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा देत नव्हती, तेव्हा विल्यम केरी १८०० साली श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या डॅनिश वसाहतीत, जाऊन राहिला. मराठीचे त्याचे व्याकरण १८०५ साली आणि मोडी लिपीतला शब्दकोश १८१० साली तिथेच छापला गेला. केरी बाप्टिस्ट पंथाचा होता; हा पंथ तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा मानत नाही. ज्या डॅनिश राजाच्या झेंड्याखाली त्याला आसरा मिळाला, त्याच राज्यात स्वदेशी १८४० च्या दशकात बाप्टिस्ट आईबापांची तान्ही मुले पोलिसांकरवी नेऊन त्यांचा सक्तीने बाप्तिस्मा केला जात होता. आज ६७ व्या आणि त्यापुढच्या कलमांत असलेले धर्मस्वातंत्र्य १८४९ च्या घटनेत कशासाठी आले, हे त्यावरून कळते.

शेवटी जे बोलायला कोणी तयार नसते, पण वृद्ध आईवडिलांना सोबत नेणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवावे, ते. मृत्यूची सूचना आणि अंत्यविधीचा अर्जही डेन्मार्कमध्ये चर्चच्याच यंत्रणेतून जातो. दहन सर्रास होते. धर्मगुरूविना विधी करण्याची मुभा आहे, आपले मंत्र म्हणता येतात. अस्थी मात्र हव्या त्या नदीत किंवा तळ्यात सोडता येत नाहीत. खुल्या समुद्रावर सोडता येतात, आणि त्यासाठी मृत व्यक्तीने तशी इच्छा लेखी नोंदवलेली असली म्हणजे सोपे जाते. मी माझा कागद लिहून लेकीकडे ठेवला आहे. त्यात समुद्राऐवजी माहुली लिहिली आहे, त्यामुळे कलश सोबत आणण्याचे काम तिला करावे लागेल.

जन्माचे प्रमाणपत्र मागताना एवढे पाहावे की बाप्तिस्मा झालेल्या मुलाचे प्रमाणपत्र वेगळे असते आणि नुसत्या जन्माचे व नावाचे वेगळे. आपल्याला दुसरे हवे, आणि भारतीय पासपोर्टसाठी ते इंग्रजीत मागून घ्यावे. कृष्णाचे प्रमाणपत्र घरी आले तेव्हा जावयांनी सर्वांत आधी तेच तपासले, मग नावाची अक्षरे एकेक करून वाचली, आणि नंतर ते देवघराशेजारच्या खणात, त्या दुरुस्त झालेल्या करपत्रकाच्या वर ठेवले.